हवामानाचे करारमदार आणि आपण

(वावर येथे भरलेल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या मेळाव्यात दरवर्षी मुलांचे शिक्षण, व्यसनमुक्ती, लग्नकार्यातील खर्च या विषयांवर व्याख्याने होतात, आणि ती व्हावयासच हवीत. या वर्षी मंडळाने मजकडे जो विषय सोपविला, तो ऐकून कित्येकांच्या कपाळास आठी पडली असेल. जगातील राष्ट्रांनी हवामानासंबंधी केलेले करार, त्यांत साधले किती आणि राहिले किती! वावरच्या माणसास पॅरिसच्या कराराशी काय कर्तव्य, असे कोणी विचारले तर तो प्रश्न मी गैर मानणार नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, व सारी नोकरी प्राथमिक शाळेत झाली. तेव्हा विद्वानाच्या अधिकाराने न बोलता, चौथीच्या वर्गास भूगोल शिकविणारा मास्तर ज्या रीतीने बोलतो त्या रीतीने मी बोलणार आहे. मुलांनी मध्येच प्रश्न विचारला तरी चालेल. मोठ्यांनी शेवटी विचारावा.

प्रथम मूळ गोष्ट थोडक्यात सांगतो. पृथ्वीभोवती हवेचे जे आवरण आहे, ते थंडीत अंगावर घेतलेल्या गोधडीसारखे काम करते. या गोधडीत कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू असतो. तो मुळीच नसता तर पृथ्वी गारठून गेली असती. परंतु गेल्या दीड-दोनशे वर्षांत दगडी कोळसा, खनिज तेल व वायू जाळून माणसाने त्या गोधडीला थरावर थर शिवले. हवाई बेटावरील मौना लोआ या डोंगरावर १९५८ सालापासून हवेतील या वायूचे मोजमाप चालू आहे. त्या वेळी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता ४२० च्या पुढे गेला आहे. २०२४ हे साल, मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण साल ठरले. यंत्रयुगापूर्वीच्या मानाने त्या एका वर्षात पृथ्वीचे सरासरी तापमान दीड अंशाहून किंचित अधिक वाढलेले होते. दीड अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. परंतु अंगात दीड अंश ताप अधिक असला तर आपण लेकरास उचलून दवाखाना गाठतो, हे येथे बसलेल्या आयांस सांगावयास नको.

आता १९९२ या सालाकडे वळू. त्या सालच्या जून महिन्यात ब्राझील देशातील रिओ या शहरी जगातील राष्ट्रांची मोठी परिषद भरली. पृथ्वीचे हवामान बिघडू द्यावयाचे नाही, असा जगातील पहिला करार त्या परिषदेत सह्यांसाठी खुला झाला. त्यात एक फार न्याय्य तत्त्व घातले गेले: जबाबदारी सर्वांची, परंतु सर्वांची सारखी नव्हे; ज्यांनी अधिक जाळले आणि ज्यांची ऐपत अधिक, त्यांनी अधिक भार उचलावा. आणि १९९२-९३ याच वर्षी, आज आपण जेथे बसलो आहोत त्या वावरचे व शेजारच्या वांगणीचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत आले. का आले, ते येथील जुन्या माणसांस ठाऊक आहे. कुपोषणाने व त्यामागून आलेल्या आजारांनी या परिसरातील शंभराहून अधिक बालके दगावली. मंत्री आले, अधिकारी आले, पत्रकार आले, आश्वासने दिली गेली.

मी येथे खबरदारीने बोलतो. ती बालके हवामान बदलल्यामुळे गेली असे मी म्हणत नाही. ती गेली उपासमारीने, दवाखाना दूर असल्याने, वेळेवर कोणी न पोहोचल्याने. मग या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी का ठेवतो? एका वर्षी एकीकडे साऱ्या जगाने शब्द दिला आणि दुसरीकडे सरकारने शब्द दिला. त्यांपैकी दुसऱ्या शब्दाचे काय झाले, ते आपण आपल्या डोळ्यांनी तेहतीस वर्षे पाहिले आहे. तेव्हा पहिल्याची परीक्षा करावयास आपल्याइतका लायक परीक्षक दुसरा शोधावा लागेल.

वावरनंतर काहीच घडले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९९५ च्या सुमारास नवसंजीवन योजना आली. २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची अमृत आहार योजना आली आणि गरोदर व स्तनदा मातांस अंगणवाडीत दिवसातून एक वेळ ताजे जेवण मिळू लागले. पुढे मुलांस अंडी, केळी मिळू लागली. या योजनेचे मला एक विशेष आवडते. अंडे मोजता येते. ते मुलाच्या हातात पडले की नाही, हे निरक्षर आजीसुद्धा सांगू शकते. ‘सर्वंकष उपाययोजना करण्यात येईल’ हे वाक्य मात्र कोणालाही मोजता येत नाही.

जगाच्या करारांचीही हीच कथा आहे. १९९७ साली जपानमधील क्योटो येथे जो करार झाला, त्यात श्रीमंत राष्ट्रांनी आपला धूर किती कमी करावयाचा याचे आकडे बांधून दिले होते. म्हणजे तेथे अंडे मोजण्याची सोय होती. परंतु अमेरिकेने सही केली आणि आपल्या संसदेची संमती घेतलीच नाही. कॅनडाने २०११ साली आपण बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. ज्यास मोजणी नको असते तो वर्गातून उठून जातो, हा अनुभव मास्तर मंडळींस नवा नाही.

मग २०१५ च्या डिसेंबरात पॅरिस येथे निराळी युक्ती काढण्यात आली. तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली, शक्य तर दीड अंशावर रोखावयाची, हे ध्येय सर्वांनी मिळून ठरविले. परंतु त्यासाठी कोणी किती करावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे व दर पाच वर्षांनी वाढवीत न्यावे. प्रश्नपत्रिका विद्यार्थ्याने स्वतः काढावयाची, उत्तरे स्वतः लिहावयाची, आणि नापास झाला तरी छडी नाही! मी माझ्या वर्गात अशी पद्धत चालविली असती तर शिक्षणाधिकाऱ्यांनी मला दुसऱ्याच दिवशी घरी बसविले असते.

तथापि न्यायाने बोलले पाहिजे. या विचित्र परीक्षेतही काही सुधारणा झाली आहे. पॅरिसच्या कराराच्या वेळी जगाची वाटचाल शतकाअखेर जवळजवळ चार अंशांच्या वाढीकडे चालली होती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०२५ च्या अहवालानुसार, आज प्रत्यक्षात असलेली धोरणे चालू राहिली तर ती वाढ २.८ अंशांच्या आसपास होईल. चारावरून पावणेतीनापर्यंत येणे ही थट्टा नव्हे. सूर्यापासून वीज घेणे इतके स्वस्त होईल, असे पंचवीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर लोक हसले असते; आज आपल्याच तालुक्यातील काही पाड्यांवर सूर्याच्या विजेवरील पंप दरीतले पाणी वर चढवीत आहेत. आपल्या देशाने २०२१ साली ग्लासगो येथे २०७० हे साल निव्वळ शून्य धुराचे म्हणून जाहीर केले, आणि वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेल-वायूविरहित करण्याचे २०३० चे उद्दिष्ट २०२५ सालीच गाठले. क्षमता निम्मी झाली, परंतु प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेचा मोठा वाटा अद्याप कोळशाचाच आहे, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

आणि जगाने मनात आणले तर शब्द पाळता येतो, याचा दाखलाही आहे. शीतकपाटांत वापरल्या जाणाऱ्या काही वायूंनी दक्षिण ध्रुवावरील ओझोनच्या थरास मोठे भगदाड पडल्याचे १९८५ साली उघडकीस आले. १९८७ साली माँट्रियल येथे ते वायू बंद करण्याचा करार झाला. आकडे ठरले, मुदती ठरल्या, गरीब राष्ट्रांस नवी यंत्रे घेता यावीत म्हणून निराळा निधी उभारला गेला. ते भगदाड २०६६ च्या सुमारास भरून येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अर्थात शीतकपाटातील वायू बदलणे आणि साऱ्या जगाची चूल बदलणे यांत फरक आहे.

आता पैशाची गोष्ट. येथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत अधिक तूट येथेच आहे. २००९ साली कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी कबूल केले की, २०२० सालापर्यंत आम्ही गरीब राष्ट्रांसाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. (मुलांनो, एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) ही रक्कम त्यांच्याच हिशेबाप्रमाणे प्रथम पुरी झाली ती २०२२ साली, म्हणजे दोन वर्षे उशिराने. आणि त्या हिशेबातील सरकारी पैशांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक भाग कर्जाच्या रूपाने होता.

कर्जाला मदत म्हणणे आपल्या लोकांस फार चांगले परिचित आहे. श्रावण-भाद्रपदात कणगी रिकामी होते, तेव्हा मुकादम पाड्यावर येतो आणि उचल देऊन जातो. त्या वेळी तो देवासारखा भासतो. दिवाळी आटोपली की त्या उचलीपोटी सारे कुटुंब भिवंडीच्या, वसईच्या, पनवेलच्या वीटभट्टीवर जाते, आणि आखाड तोंडावर आला की हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते. पुरात घर गेलेल्या राष्ट्रास घर बांधण्यासाठी व्याजाने पैसा द्यावयाचा आणि आपल्या वहीत तो साहाय्य म्हणून लिहावयाचा, ही रीत मला उचलीहून निराळी दिसत नाही.

२०२४ साली बाकू येथे नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत दरवर्षी ३०० अब्ज डॉलर. गरीब राष्ट्रांनी याहून पुष्कळ अधिक मागितले होते, आणि भारताच्या प्रतिनिधीने तेथल्या तेथे आपला निषेध नोंदविला. हानी झालेल्यांस भरपाई देण्यासाठी निराळा निधी असावा हे २०२२ साली इजिप्तमध्ये मान्य झाले व २०२३ साली दुबईत तो सुरू झाला. त्यात प्रारंभी कबूल झालेली रक्कम ७० कोटी डॉलरच्या आसपास होती. साऱ्या जगातील वादळे, पूर आणि दुष्काळ यांच्यापुढे ती किती पुरणार, याचा हिशेब चौथीचा मुलगाही करील. अमेरिकेने तर २०२५ च्या जानेवारीत पॅरिसच्या करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्राझीलमधील बेलेम येथे तिसावी परिषद झाली. कोळसा व तेल कसे सोडत न्यावयाचे याचा नकाशा आखावा, अशी ऐंशीहून अधिक राष्ट्रांची मागणी होती. अखेरच्या ठरावात त्या नकाशाचा उल्लेख देखील आला नाही.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, धूर तर आपणही करतो. फाल्गुन-चैत्रात आपण राब भाजतो. होय, भाजतो. परंतु वर्षाकाठी एका अमेरिकन माणसाच्या वाट्यास सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड येतो, व एका भारतीयाच्या वाट्यास सुमारे दोन टन. त्या दोन टनांतही मुंबईतील वातानुकूलित घराचा वाटा व आपल्या कुडाच्या घराचा वाटा एक नव्हे. आपल्या जिल्ह्यातच डहाणूला ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९५ पासून कोळसा जाळते. त्याची वीज मुंबईस जाते.

आणि पाणीही. आपल्या या डोंगरावर वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मराठवाड्यातील माणसास हा आकडा सांगितला तर तो हेव्याने पाहतो. परंतु काळा कातळ आणि उभा उतार, त्यामुळे आलेले पाणी चार महिन्यांत वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्यांतून निघून जाते, आणि होळी झाली की बाया डवऱ्याभोवती वाटी-वाटीने पाणी भरीत बसतात. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण २०१४ साली पुरे झाले. त्यातून मुंबईस दररोज सुमारे ४५ कोटी लीटर पाणी मिळते, व त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मुंबईकरांवर माझा राग नाही. आपलीच कितीतरी मुले आज तेथे तेच पाणी पीत आहेत. श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांशी जो व्यवहार केला, तो पाहावयास आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही, एवढेच दाखवावयाचे होते.

आपल्या पावसाचे एक आणखी सांगतो. ज्या भागात पाऊस कमी, तो भाग संकटात, असे धोरण आखणाऱ्यांच्या मनात पक्के बसलेले असते. हवामानबदलास शेतकऱ्याने तोंड द्यावे म्हणून जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात मराठवाडा, विदर्भ व त्यांच्या लगतचा भाग घेतला गेला. त्या शेतकऱ्यांची गरज खरीच होती. परंतु पालघर जिल्हा त्यात नव्हता. आपला पाऊस आकड्यात भरपूर दिसतो ना! तो कधी पडतो, हे त्या आकड्यात दिसत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात कोकणपट्टीत कापणीस आलेले भात शेतातच भिजले, तेव्हा वर्षाची सरासरी उत्तमच होती. नागलीचे आवण तयार झाल्यावर पंधरा दिवस ऊन पडले आणि मग तीन दिवसांत पंधरा दिवसांचा पाऊस कोसळला, तरी वहीत बेरीज बरोबरच येते.

नागलीवरून आठवले. ज्या नागलीच्या भाकरीस शहरातील पाहुण्यापुढे आपण लाजत होतो, तिच्यासाठी व तिच्या बहिणींसाठी संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून २०२३ हे साल भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले. उतारावर, हलक्या जमिनीत, रासायनिक खताविना उभे राहणारे हे पीक जगास एकाएकी शहाणपणाचे वाटू लागले. जव्हारच्या परिसरात बायफ संस्थेने गावठी वाणांचे बियाणे जतन करण्याचे काम शेतकऱ्यांच्या साहाय्याने केले आहे. ज्या घरांत आजीने मडक्यात राख घालून राखलेले नागली-वरईचे बी अद्याप असेल, त्यांनी ते संपू देऊ नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय आनंदाने स्वीकारला, ती सांगतो. प्रशांत महासागरात व्हानुआतू नावाचे बेटांचे राष्ट्र आहे. लोकसंख्या सुमारे तीन लाख. जव्हार व मोखाडा हे आपले दोन तालुके मिळून २०११ च्या जनगणनेत सव्वादोन लाखांच्या घरात होते. म्हणजे ते राष्ट्र आपल्याहून फार मोठे नाही. समुद्र चढत असल्याने त्याच्या अस्तित्वाचाच प्रश्न आहे. तेथील विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ साली एक साधा प्रश्न मांडला: हवामान राखणे हे राष्ट्रांचे कायद्याने कर्तव्य आहे की केवळ मर्जीची बाब आहे, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासच का विचारू नये? त्यांच्या सरकारने तो प्रश्न उचलला. अनेक राष्ट्रे मागे उभी राहिली. २०२३ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो एकमताने न्यायालयाकडे पाठविला. आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाच्या सर्व १५ न्यायाधीशांनी एकमुखाने उत्तर दिले की, ते कर्तव्य आहे. ते न पाळणे हा अपकृत्याचा भाग ठरू शकतो व त्याची भरपाई द्यावी लागू शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, त्याने उद्या कोणाच्या दारात पैसा येऊन पडणार नाही. परंतु ज्यास आजवर दान म्हणत होते, त्यास ऋण म्हणण्याची सोय झाली. ती केली वर्गात बसणाऱ्या मुलांनी.

त्यांच्याजवळ काय होते? समुद्र किती चढला, कोणते गाव हलवावे लागले, कोणती बाग खारट झाली, याच्या नोंदी होत्या आणि त्या सांगणारी माणसे होती. आपल्याजवळ काय आहे? वावरमधील कोणता झरा दहा वर्षांपूर्वी कोणत्या महिन्यात आटत असे आणि आज कोणत्या महिन्यात आटतो, हे सांगणारा एक कागद या सभेत कोणापाशी आहे काय? म्हातारी माणसे तोंडाने सांगतील, व ते खरेच असेल. परंतु ज्या कचेरीत मदतीची यादी होते, तेथे तोंडचे चालत नाही. पाऊस मोजला जातो तो मंडळाच्या ठिकाणी. डोंगराच्या या अंगास पडला आणि त्या अंगास पडला नाही, तर भरपाईच्या कागदावर दोन्ही अंगे सारखीच भिजतात.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. तीस खर्च फार नाही. वावरला एक पर्जन्यमापक बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजून वहीत लिहावे. हवामान खात्याची वेळही तीच आहे, म्हणजे आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येईल. त्याच वहीत पेरणी, आवणी व कापणी यांच्या तारखा असाव्यात. शिवारातील चार-पाच झरे निवडून, एक हंडा भरण्यास किती वेळ लागतो, हे दर आठवड्यास घड्याळ लावून टिपावे. हे काम सातवी-आठवीतील कोणतीही मुलगी बिनचूक करील. मुले करतील की नाही याविषयी मला शंका आहे. मापक शाळेच्या आवारात ठेवू नये, कारण रविवारी व सुटीत शाळेस कुलूप असते आणि पाऊस रविवार पाळीत नाही. तो कोणाच्या तरी अंगणात, झाडापासून दूर ठेवावा.

अडचण एकच आहे. झऱ्यांची नोंद खरी महत्त्वाची ती माघापासून ज्येष्ठापर्यंतची, आणि त्या दिवसांत पाड्यावर म्हातारी माणसे तेवढी उरतात. लिहिता येणारी मुले आईबापांबरोबर भट्टीवर गेलेली असतात. तेव्हा नोंद ठेवणाऱ्या मुलीच्या घरास मंडळाने त्या पाच महिन्यांचे मानधन द्यावे, असे मी सुचवितो. ते इतके असावे की त्या वर्षी त्या घराने मुकादमाची उचल घेतली नाही तरी भागावे. नाशिक, ठाणे, बोईसर, वापी येथे नोकरीस असलेले आपले सभासद आज येथे पुष्कळ आले आहेत. त्यांनी प्रत्येकी किती द्यावयाचे, हे सभा संपण्यापूर्वी खजिनदारांकडे लिहून द्यावे. घर कोणते, हे वावरच्या मंडळींनी ठरवावे.